गंभीर दुखापतीतून सावरलेल्या लेखकाने पात्रे कशी घडवावीत

रस्त्यावरच्या अपघातातून, भाजण्यातून किंवा यंत्रात हात सापडण्याच्या प्रसंगातून जीव वाचलेला लेखक पुन्हा लिहायला बसतो, तेव्हा बहुधा तो त्या प्रसंगाचेच वर्णन आधी कागदावर उतरवतो. ट्रकचे दिवे, ब्रेकचा आवाज, रस्त्यावर सांडलेले रक्त आणि मग अंधार. हे वर्णन वाईटच असते असे नाही. पण ते कोणालाही लिहिता येते, कारण वर्तमानपत्रांनी आणि चित्रपटांनी ते सगळ्यांना आयते पुरवून ठेवले आहे. ज्याचे हाड मोडून पुन्हा जुळले आहे त्याच्याजवळ याहून दुर्मीळ माहिती असते. अंथरुणापासून न्हाणीघरापर्यंतचे अंतर किती वाटते, दुसऱ्याच्या हातून अंघोळ करून घेताना नजर कुठे ठेवायची, भेटायला आलेला माणूस घड्याळाकडे कधी पाहतो, आपल्यावाचून घर चालले आहे हे कळल्यावर दिलासा आणि दुःख एकदम कसे वाटते, हे त्याला ठाऊक असते. मुंबई-आग्रा महामार्गावरील अपघातानंतर माझ्या मांडीच्या हाडात रॉड बसवला गेला. तेव्हापासून माझे ठाम मत झाले आहे की दुखापतीमुळे कथालेखकाला मिळणारा विषय लहान असतो, आणि माणसांकडे पाहण्याची बदललेली नजर फार मोठी असते. ही नजर पात्रांमध्ये उतरवायची तर काही कामे क्रमाने करावी लागतात. त्या कामांविषयी येथे लिहीत आहे.

आधी वही, मग कथा

घरी आल्यानंतर, हात चालू लागल्याबरोबर, कथा लिहायला घेऊ नये, वही घ्यावी. हातच जायबंदी असेल तर मोबाइलवर बोलून नोंद ठेवावी. या वहीत भावनांची नावे लिहिण्याचे टाळावे. ‘फार असहाय वाटले’ हे वाक्य सहा महिन्यांनी वाचले तर त्यातून काहीच हाती लागत नाही. ‘पाण्याचा तांब्या टेबलाच्या पलीकडच्या कडेला होता, आणि वहिनी फोनवर बोलत होती म्हणून तिला हाक मारली नाही’ हे वाक्य मात्र दहा वर्षांनीही एखाद्या पात्राला जसेच्या तसे उपयोगी पडते. प्लास्टर काढल्यावर खालची कातडी कशी कोरडी, पापुद्रे सुटलेली दिसते, त्या पायावरचे केस कसे दाट वाटतात, पोटरी किती बारीक झालेली असते आणि तो पाय आपला असूनही त्याला हात लावायला मन कसे कचरते, अशा गोष्टी ताज्या असतानाच टिपाव्यात. शरीर बरे झाले की मन त्या फार लवकर विसरते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी 1986 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, दररोज 15 मिनिटे, आपल्या आयुष्यातील सर्वांत क्लेशकारक अनुभवाविषयी लिहायचे होते. ज्यांनी घटना आणि तिच्याविषयीच्या भावना अशा दोन्ही लिहिल्या, त्यांचे दवाखान्यात जाणे पुढील काही महिन्यांत कमी झाले. परंतु लिहून झाल्यावर लगेच त्यांना अधिक खिन्न वाटत होते. त्यामुळे आपणही थोडा वेळच लिहावे, लिहून झाल्यावर घरातल्या कोणाजवळ तरी बसावे, आणि झोपायच्या आधी लिहू नये. प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येऊ लागला, झोप उडाली किंवा रस्ता ओलांडणेही अशक्य झाले, तर वही बाजूला ठेवून डॉक्टरांना भेटावे. केंद्र सरकारच्या ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा 14416 हा क्रमांक 2022 पासून सुरू आहे आणि तेथे मराठीतूनही बोलता येते. कथा थांबू शकते.

आठवते ते आणि ऐकलेले ते

वही भरत आली की तिच्यातील मजकूर दोन रंगांत वेगळा करावा: जे स्वतःला आठवते ते एका रंगात, आणि जे इतरांनी सांगितल्यामुळे आठवते असे वाटते ते दुसऱ्या रंगात. डोक्याला जबर मार लागला असेल तर धडकेच्या आधीचे काही क्षण आणि नंतरचे काही तास किंवा दिवस मेंदूत नोंदलेच गेलेले नसतात, आणि त्यांतले पुष्कळसे कधीच परत येत नाहीत. चित्रपटात नायकाला एके दिवशी वीज चमकावी तसे सगळे आठवते. प्रत्यक्षात माणूस आपल्याच अपघाताची हकीकत भाऊ, शेजारी आणि पोलीस यांच्या तोंडून शिकतो. कथालेखकाला ही उणीव फार उपयोगी आहे. आईच्या हकिकतीत त्या दिवशी अमावास्या असते आणि तिने ‘आज जाऊ नकोस’ असे बजावलेले असते. भावाच्या हकिकतीत तो वेळेवर पोहोचलेला असतो. पंचनाम्यात रस्त्याची रुंदी, वाहनांची स्थिती आणि काचांचे तुकडे असतात, पण माणूस जवळजवळ नसतोच. या हकिकती एकमेकींशी जुळत नाहीत. पात्राला यांपैकी कोणती पटते आणि कोणती पटवून घेणे सोयीचे वाटते, यातून त्याचा स्वभाव कळतो.

म्हणून कागदपत्रांची फाइल जपून ठेवावी. डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, औषधांची बिले, पोलीस केस झाली असेल तर तिचे कागद, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातील तारखा, हे सगळे कथेच्या काळाचा सांगाडा उभा करते. काळ बदलला तर तपशीलही बदलतात, हे पाहावे. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात 2014 पासून आली. त्यामुळे 1995 सालच्या नाशिकमध्ये घडणाऱ्या कथेत द्वारकेच्या चौकात पडलेला माणूस रिक्षातून, टेम्पोतून किंवा कोणाच्या तरी जीपमधून नेला जाईल, आणि त्या वेळी शहरातून जाणाऱ्या महामार्गावर आजचा लांबलचक उड्डाणपूलही नसेल. त्याला रिक्षात घालणारा अनोळखी माणूस हे स्वतंत्र पात्र होऊ शकते. त्याचा शर्ट खराब झाला, त्याची कामाची पाळी बुडाली, आणि त्याला कोणी पुन्हा भेटले नाही.

शरीराचे नियम पात्राला शिकवणे

या पायरीवर सर्वांत अधिक वेळ द्यावा, कारण बहुतेक कथांमधील जखमी माणसे येथेच खोटी वाटू लागतात. लेखकाने एकदा लिहिले की नायक लंगडतो, आणि पुढच्या चाळीस पानांत तो बस पकडतो, गच्चीवर जातो, मांडी घालून जेवायला बसतो. मोडलेले शरीर नियमांनी चालते, आणि नियम ठाऊक असले की प्रसंग आपोआप उभे राहतात.

काठीचेच उदाहरण घ्यावे. उजवा पाय दुखरा असेल तर काठी डाव्या हातात धरायची असते, म्हणजे दुखऱ्या पायावरचा भार हलका होतो. पडद्यावर मात्र ती पुष्कळदा त्याच बाजूच्या हातात दिसते. जिना चढताना आधी चांगला पाय वर जातो आणि उतरताना आधी काठी व दुखरा पाय खाली जातात, हे फिजिओथेरपिस्ट पहिल्याच दिवसांत घोकून घेतात. आता अशा माणसाला वडिलांच्या अस्थी घेऊन रामकुंडावर न्यावे. अस्थिकलश दोन्ही हातांत धरण्याची रीत आहे आणि त्याचा एक हात काठीत अडकलेला आहे. पायऱ्या ओल्या आहेत. काठीच्या टोकाचे रबर झिजले आहे, हे त्याला तिसऱ्या पायरीवर जाणवते. मागून एक सज्जन गृहस्थ मदत म्हणून नेमके काठीच्याच हाताचे कोपर धरतात, आणि त्यामुळे तोल सावरण्याऐवजी जातो. कलश कोणाकडे द्यायचा? शेजारी धाकटा भाऊ उभा आहे, ज्याच्याशी वाड्याच्या वाटणीवरून गेली दोन वर्षे बोलणे बंद आहे. या प्रसंगात पात्राच्या मनात काय चालले आहे हे एका वाक्यानेही सांगण्याची गरज उरत नाही, कारण कलश कोणाच्या हाती जातो आणि किती वेळाने जातो, यातच ते सगळे आले आहे. ज्याने काठी वापरली आहे त्याला हा प्रसंग सुचतो. ज्याने वापरली नाही त्याला बहुधा नदीचा शांत प्रवाह सुचतो.

काळाचे नियमही असेच पाळावेत. प्रौढ माणसाच्या मांडीचे हाड पूर्ण जुळायला साधारण चार ते सहा महिने लागतात आणि कधी त्याहून अधिक. एक्स-रेमध्ये नवे हाड धरू लागलेले काही आठवड्यांत दिसू लागते, पण डॉक्टर ‘पायावर वजन टाका’ म्हणेपर्यंत माणूस स्वतःच्याच पायाला भीत राहतो. गुडघा वाकवण्याचा व्यायाम हाडापेक्षा अधिक छळतो. म्हणून कथेचे वेळापत्रक करून भिंतीवर लावावे: कोणत्या महिन्यात पात्र झोपून आहे, कधी वॉकर आला, कधी कुबडी सुटली, कधी भारतीय पद्धतीचे शौचालय पुन्हा वापरता आले. या शेवटच्या गोष्टीचा उल्लेख मराठी कथांत क्वचितच सापडतो. जुन्या नाशकातील वाड्यांत राहणाऱ्या माणसाचे मात्र सगळे आयुष्य काही महिने तिच्याभोवती फिरते. पाहुण्यांकडे जायचे की नाही, लग्नाला किती वेळ थांबायचे, प्रवासाला निघायचे की नाही, हे सगळे त्यावर ठरते.

कामगाराच्या दुखापतीला आणखी एक हिशेब चिकटलेला असतो. सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात पॉवर प्रेसवर बोटे गेलेला माणूस कथेत आणायचा असेल, तर 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याची अनुसूची एकदा वाचावी. त्यात पूर्ण अंगठा जाणे म्हणजे कमाईच्या क्षमतेची 30 टक्के हानी, संपूर्ण तर्जनी जाणे म्हणजे 14 टक्के, असे आकडे दिलेले आहेत. आपल्या हाताकडे असे टक्क्यांत पाहायला शिकलेला माणूस बायकोशी, मुलाशी आणि सुपरवायझरशी कसा बोलेल, याचा विचार करावा. तो चहाचा ग्लास कसा धरतो हेही पाहावे. ग्लासाला तळहाताचा आधार देऊन, अंगठ्याची जागा रिकामी ठेवून, तो कित्येक दिवस चहा थोडा थंड होण्याची वाट पाहील, आणि हे का ते कोणाला सांगणार नाही.

जखम कोणाच्या अंगावर घालायची

आता वहीतील अनुभव पात्राकडे नेण्याची वेळ येते. येथे माझा आग्रह असा की स्वतःची दुखापत जशीच्या तशी नायकाला देऊ नये. निदान तीन गोष्टी बदलाव्यात. शरीराचा भाग बदलावा, माणसाची मिळकत बदलावी आणि दोष कोणाचा हे बदलावे. माझी मांडी मोडली. माझ्या कथेत दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत छाटणीला जाणाऱ्या बाईचे मनगट मोडते, मजूर नेणारी पिकअप उलटल्यामुळे, आणि पिकअप चालवणारा तिचाच दीर आहे. एप्रिलच्या खरड छाटणीच्या सुमारास मोडलेले मनगट ऑक्टोबरच्या गोडी छाटणीपर्यंत जुळलेले असते, पण कात्री दाबण्याइतका जोर आलेला नसतो, आणि मजुरांच्या टोळीत दिवसाला किती झाडे उरकली यावर तिची जागा टिकून असते. दीर चूक कबूल करत नाही आणि ती तक्रार करत नाही, कारण एकाच चुलीवर दोघांचे जेवण आहे. मला स्वतःला यातले काहीच भोगावे लागले नाही. तिची बोटे कात्रीवर हळूहळू आवळतात आणि ती कोणी पाहत नाही ना हे आधी पाहते, ते मात्र मी माझ्या अंथरुणावर शिकलो.

अशी अदलाबदल मोठ्या लेखकांनी केलेली आहे. स्पॅनिश कादंबरीकार सर्व्हान्तेस 7 ऑक्टोबर 1571 रोजी लेपांतोच्या आरमारी लढाईत जखमी झाले. छातीवर घाव बसले आणि डावा हात कायमचा निकामी झाला. त्यानंतर 1575 ते 1580 अशी पाच वर्षे ते अल्जियर्समध्ये कैदी होते. त्यांच्या 1605 च्या ‘दॉन किहोते’ या कादंबरीत एक सुटून आलेला कैदी आपली हकीकत सांगतो. तो लेपांतोला लढलेला आहे, पण निकामी हात त्याला दिलेला नाही, आणि सर्व्हान्तेस यांच्याच आडनावाचा एक सैनिक त्या हकिकतीत जाता जाता उल्लेखापुरता येतो. उलट दॉन किहोते या ज्या वृद्ध नायकाला लढाईचा अनुभवच नाही, त्याचा कान अर्धा तुटतो, दात पडतात, बरगड्या ठेचल्या जातात, आणि प्रत्येक वेळी तो उठतो. अनुभव आणि कादंबरी यांच्यामध्ये 34 वर्षे गेली होती. एवढ्या काळात वेदना एका पात्रापुरती न राहता सगळ्या पुस्तकात पसरली.

अमेरिकी लेखक हेमिंग्वे यांनी वेगळा मार्ग घेतला. 8 जुलै 1918 रोजी, पहिल्या महायुद्धात, इटलीतील आघाडीवर, वयाच्या एकोणिसाव्या वाढदिवसाला दोन आठवडे उरले असताना, तोफगोळ्याच्या तुकड्यांनी त्यांचे पाय जखमी झाले. 1929 च्या ‘अ फेअरवेल टू आर्म्स’ या कादंबरीत त्यांनी ही जखम जवळजवळ तशीच एका नायकाला दिली. परंतु मला अधिक शिकवून गेली ती त्यांची 1925 मधील ‘बिग टू-हार्टेड रिव्हर’ ही मासेमारीची दीर्घ कथा, जिच्यात युद्धाचा किंवा जखमेचा शब्दही नाही. एक तरुण एकटा रानात जातो, तंबू ठोकतो, कॉफी करतो, मासे धरतो, आणि प्रत्येक कृती इतक्या काळजीने करतो की त्या काळजीमागे काहीतरी सांभाळून ठेवलेले आहे हे वाचकाला उमगते. हा प्रयोग प्रत्येकाने एकदा करून पाहावा: ज्याला काहीही झालेले नाही असे पात्र घ्यावे, एखादा बँकेतला कारकून किंवा शाळेतली बाई, आणि त्याला आपली नजर द्यावी. ते पात्र नव्या घरात शिरताना आधी पायऱ्या मोजते, बसायच्या आधी उठता येईल अशी खुर्ची निवडते, कोणी सोबत चालत असेल तर नकळत वेग कमी करते. कारण सांगूच नये.

सेवा करणारे आणि भेटायला येणारे

दुखापत एका माणसाला होते आणि घर सगळे जखमी होते. तरीही सेवा करणारी व्यक्ती कथेत बहुतेकदा पाणी देण्यापुरतीच येते. तिचे स्वतंत्र टिपण करावे. तिने किती रजा घेतली, कोणते दागिने गहाण पडले, कोणाकडून हातउसने घेतले, ती कधी चिडली आणि चिडल्याचे तिला कसे वाईट वाटले. रुग्णाचे पात्र खरे व्हायचे असेल तर त्याने तिच्यावर अन्याय केलेला एक तरी प्रसंग असू द्यावा, कारण दीर्घकाळ झोपून असलेला माणूस हट्टी, संशयी आणि कृतघ्नही होतो, आणि बरे झाल्यावर त्याला ते आठवते.

भेटायला येणाऱ्यांचे संवाद फार सोपे वाटतात आणि म्हणूनच साचेबद्ध होतात. ‘थोडक्यात निभावलं’, ‘जिवावरचं पायावर गेलं’, ‘देवाने हात दिला’ ही वाक्ये खरोखर बोलली जातात, पण बोलणारा बदलला की त्यांचा अर्थ बदलतो. ज्याने गाडी उसनी दिली होती तो मित्र ‘जिवावरचं पायावर गेलं’ म्हणतो तेव्हा तो स्वतःला सोडवून घेत असतो. आत्या म्हणते तेव्हा ती रडू आवरत असते. संवाद लिहिण्याआधी प्रत्येक भेटणाऱ्याला या अपघातामुळे कशाची भीती वाटते आहे हे एका ओळीत लिहावे.

टाळण्याच्या वाटा

पंचवटीच्या परिसरात, तपोवनाकडे, लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक-कान कापल्याची कथा सांगितली जाते. त्या कथेत जखमेचे काम स्पष्ट आहे: ती रावणापर्यंत पोहोचते आणि पुढचे सगळे घडते. जखम झाल्यानंतर शूर्पणखा कशी जगली हे विचारण्याची त्या रचनेला गरज नाही. आपल्या कथेत मात्र ती गरज असते. एखाद्या पात्राची जखम केवळ दुसऱ्या कोणाला सूडासाठी, पश्चात्तापासाठी किंवा लग्नासाठी प्रवृत्त करण्यापुरती आली असेल, तर ते पात्र लेखकाने वापरून टाकले आहे असे समजावे. तसेच दुष्टपणाची खूण म्हणून व्रण किंवा कुबड देणे, दुःखाने उजळून निघालेला संत उभा करणे, आणि शेवटच्या पानावर चमत्काराने चालू लागणे, हे तिन्ही प्रकार सोडावेत. दुखापतीनंतर माणसे कधी अधिक समजूतदार होतात हे खरे आहे. पण तीच माणसे पैशाच्या बाबतीत अधिक कंजूष झालेलीही मी पाहिली आहेत.

ज्यांना अशी दुखापत झालेली नाही त्यांनी या विषयावर लिहू नये, असे मात्र मला मुळीच म्हणायचे नाही. अमेरिकी कादंबरीकार स्टीफन किंग यांनी पाय मोडून परक्या घरात अडकलेल्या लेखकाची ‘मिझरी’ ही कादंबरी 1987 मध्ये प्रसिद्ध केली, आणि त्यांना स्वतःला व्हॅनने धडक दिली ती 1999 मध्ये. अमेरिकी यादवी युद्धातील जखमींवर उपचार करणारे डॉक्टर सायलस वेअर मिचेल यांनी तर तोडलेल्या अवयवाच्या जागी होणाऱ्या वेदना आधी 1866 मध्ये एका निनावी कथेतून मांडल्या. हातपाय गमावलेल्या त्या कॅप्टनला वाचकांनी खरा मानले आणि त्याच्यासाठी पैसेही पाठवले. या अनुभवाला आज रूढ असलेले ‘फँटम लिंब’ (आभासी अवयव) हे वैद्यकीय नाव मिचेल यांनी 1871 मध्ये वापरले. त्यांच्याजवळ स्वतःची जखम नव्हती. शेकडो खाटांजवळ बसून ऐकलेले होते.

शेवटचे वाचन

मसुदा तयार झाला की तो तीन जणांना द्यावा, आणि प्रत्येकाला वेगळा प्रश्न विचारावा. फिजिओथेरपिस्ट किंवा परिचारिका यांना विचारावे की या महिन्यात या माणसाला हे करता येईल का. आपल्या अपघाताविषयी काहीच ठाऊक नसलेल्या वाचकाला विचारावे की कोणत्या ओळी त्या पात्राच्या वयाच्या, शिक्षणाच्या किंवा बोलीच्या बाहेरच्या वाटतात. त्या ओळींत बहुधा लेखक स्वतः बोलत असतो आणि त्या काढून टाकणेच बरे. तिसरी प्रत, छापायला देण्याच्या आधी, ज्या व्यक्तीने आपली सेवा केली तिच्याकडे जावी, कारण तिचेही आयुष्य त्या पानांत गेलेले आहे. तिला नको असलेला तपशील बदलावा. त्यासाठी तिला कारण विचारू नये. ती ‘हे असं नव्हतं’ म्हणाली तर वाद न घालता तिला जे आठवते ते पूर्ण ऐकून घ्यावे आणि तो प्रसंग तिच्या पात्राच्या बाजूने एकदा लिहून पाहावा. कथेत कोणता ठेवायचा, हे दोन्ही मसुदे समोर असतानाच ठरवता येते.